चेहरा सतत कोरडा, ओढलेला, चुरचुरणारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. दीड-दोन वर्षं माझ्या नाकाच्या दोन्ही कडा सोलत होत्या, तोंड धुतलं की गाल ओढायचे आणि कुठलंही क्रीम लावलं की आग व्हायची. त्या काळात जे वाचलं, ज्याला-त्याला विचारलं, चुकीचं करून पाहिलं आणि शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घेतलं, त्यातून ही उत्तरं जमली. ओळखीतले लोक फिरून फिरून हेच विचारतात, म्हणून एकत्र लिहून ठेवली आहेत.

रोज न चुकता क्रीम लावते, तरी चेहरा कोरडाच. असं का?

कारण बहुतेक वेळा क्रीम कमी पडत नसतं, भिंत ढासळलेली असते. त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर. तेवढ्यात मेलेल्या, चपट्या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक बसलेले असतात. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सिरॅमाइड (त्वचेतला एक स्निग्ध पदार्थ), कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. वजनाने पाहिलं तर या चुन्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या सिरॅमाइडचा असतो. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात : अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टिक आम्ल. सगळं ठीक असेल तर या थरात २० ते ३० टक्के पाणी असतं. ते १० टक्क्यांच्या खाली उतरलं की थर कडक होतो, तडकतो, हाताला खरबरीत लागतो.

साबण, कढत पाणी, घासाघीस, आम्लांची सीरम, यांनी हा चुना वाहून जातो. मग आतलं पाणी बाहेर उडतं आणि बाहेरचं जे काही असेल ते आत शिरतं. म्हणूनच कोरडेपणा आणि चुरचुर नेहमी जोडीने येतात.

पापुद्र्यांबद्दल मात्र मला फार उशिरा कळलं. जुन्या पेशी रोज गळतच असतात, पण एकेक करून, डोळ्यांना न दिसता. त्यांना धरून ठेवणारे धागे तोडायचं काम काही विकरं (एन्झाइम) करतात आणि त्या विकरांना पाणी लागतं. थर कोरडा पडला की ती थंडावतात, पेशी सुटत नाहीत आणि नंतर पुंजक्याने निघतात. तोच पापुद्रा. म्हणजे मृत त्वचा फार साचली आहे, घासून काढू या, हा आपला हिशोब मुळातच उलटा असतो.

‘कोरडी त्वचा’ आणि ‘पाणी कमी झालेली त्वचा’ वेगळी असते म्हणतात. खरं का?

थोडं खरं, बरचसं जाहिरातीतलं. काहींच्या त्वचेत जन्मापासूनच तेल कमी तयार होतं, तर काहींच्या त्वचेत तेल भरपूर असूनही वरचा थर पाणी धरत नाही. दुसऱ्या प्रकारात कपाळ चमकतं आणि गाल ओढतात. करायचं ते दोन्हीकडे जवळपास सारखंच, फक्त क्रीम किती दाट घ्यायचं ते बदलतं.

मग नेमकी सुरुवात कुठून करायची?

काढून टाकण्यापासून. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण तो नवीन नाव ऐकायला आलेला असतो. पण चेहरा बिघडला की आपण एक वस्तू आणतो, तिने आग झाली की ती शमवायला दुसरी आणतो, आणि सहा महिन्यांनी आरशासमोर अकरा बाटल्या उभ्या असतात. माझ्याकडे अकराच होत्या, मोजल्या होत्या.

चार आठवडे फक्त तीन गोष्टी ठेवा : सौम्य क्लेन्झर, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. टोनर, स्क्रब, ‘व्हिटॅमिन सी’, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, रेटिनॉल, शीट मास्क, वाफ घेणं, सुगंधी तेलं हे सगळं कपाटात बंद. मेकअप टाळता आला तर उत्तम. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यांना विचारून ठरवा.

चारच आठवडे का? त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला तरुण माणसात साधारण महिना लागतो, वयाबरोबर हा काळ वाढतो. आज लावलेल्या क्रीमने ओढ तासाभरात कमी होईल, पण भिंत नव्याने रचली जायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. चौथ्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून नवीन डबी उघडली की गणती पुन्हा एकपासून.

या चार आठवड्यांचा दुसराही एक फायदा आहे. एवढं साधं ठेवूनही चेहरा सुधारला नाही, तर तो नुसता कोरडेपणा नाही. त्याला काहीतरी वेगळं नाव आहे आणि ते नाव शोधायला हवं.

चेहरा दिवसातून किती वेळा आणि कशाने धुवायचा?

रात्री एकदा क्लेन्झरने, सकाळी नुसत्या पाण्याने. घाम आला तर मधे एकदा पाण्याने. पाणी कोमट, म्हणजे मनगटाला गरमही लागू नये आणि गारही. धुतल्यावर टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, हा समज सोडून द्या. धुतल्यानंतर दहा मिनिटं काही न लावता बसून पाहा. तेवढ्यात गाल ओढायला लागले, तर क्लेन्झर तुमच्यासाठी कडक आहे, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

साधा अंघोळीचा साबण चेहऱ्याला खरंच इतका वाईट?

निरोगी माणसाला चालून जातो. बिघडलेल्या चेहऱ्याला नाही. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ४.५ ते ५.५. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो. सिरॅमाइड तयार करणाऱ्या विकरांना आम्लधर्मी वातावरण लागतं, म्हणजे साबण चुना धुतोही आणि नवा चुना बनण्यातही खोडा घालतो. साबणासारख्या दिसणाऱ्या पण साबण नसलेल्या वड्या मिळतात, त्यांना ‘सिंडेट बार’ म्हणतात. त्या बऱ्याच सौम्य असतात. पाणी जड असेल तर साबणाचा त्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन साका तयार होतो आणि तो त्वचेवर राहतो. अशा पाण्यात सिंडेट अधिकच सोयीचा.

मॉइश्चरायझर कोणतं घ्यायचं? लेबलवर काय बघायचं?

ब्रँड विचारू नका, डबीची मागची बाजू वाचा. चांगल्या मॉइश्चरायझरमध्ये तीन प्रकारचे घटक असतात. पाणी ओढून धरणारे : ग्लिसरीन, हायल्युरॉनिक आम्ल, युरिया. फटी बुजवून मऊपणा आणणारे : सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, स्क्वालेन. आणि वरून झाकण घालणारे : पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन, खनिज तेल, लॅनोलिन. यातलं ग्लिसरीन मला सगळ्यात कष्टाळू वाटतं. स्वस्त, जुनं, कुणी जाहिरात करत नाही आणि काम चोख. हायल्युरॉनिक आम्लाचं नुसतं सीरम कोरड्या हवेत लावून वर काहीच घातलं नाही तर कित्येकांना ओढ वाढल्यासारखी वाटते, त्यावर क्रीम हवंच.

युरिया चेहऱ्यावर ५ टक्क्यांपर्यंतचा बरा. १० टक्के आणि त्यापुढचा युरिया टाचांसाठी ठेवा. तो चामडी सोलायचं काम करतो आणि चिरलेल्या गालावर आग लावतो. नायसिनमाइड (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) २ ते ५ टक्के असेल तर सिरॅमाइड तयार व्हायला मदत होते, पण काहींचा चेहरा त्याने लाल होतो. म्हणून पहिल्या चार आठवड्यांत तेही नको.

नको असलेल्या गोष्टी : सुगंध, मेंथॉल, कापूर, निलगिरी, लिंबाच्या सालीचं तेल, लॅव्हेंडर, आणि यादीत वरच्या क्रमांकावर असलेलं डिनेचर्ड अल्कोहोल. सीटाइल आणि स्टिअरिल अल्कोहोल ही नावं दिसली तर घाबरू नका. नावात अल्कोहोल असलं तरी ते मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत. आणि ‘अनसेंटेड’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात मूळ वास झाकण्यासाठी घातलेला सुगंध असू शकतो. ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हा शब्द शोधा. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ आणि ‘डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड’ या शब्दांमागे सगळीकडे चालणारी एकच ठरलेली कसोटी नाही.

एक ढोबळ नियम : लोशनपेक्षा क्रीम दाट, क्रीमपेक्षा मलम दाट. बाटलीतून भळाभळा ओतलं जाणारं लोशन फार कोरड्या चेहऱ्याला पुरत नाही.

किती लावायचं आणि कधी?

तोंड धुऊन टिपल्यावर, चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत. प्रमाणासाठी डॉक्टरांचं एक सोपं माप आहे : तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच पट्ट्या लागतात. बहुतेक लोक याच्या निम्मंही लावत नाहीत. चोळू नका, ठिपके ठेवून हलक्या हाताने पसरवा.

लावल्यावर चुरचुरतं, म्हणजे औषध ‘लागू पडतंय’ ना?

नाही. ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण तिने चेहऱ्यांचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं उन्हानेही केलं नसेल. चुरचुर म्हणजे भिंतीला भोक आहे आणि त्यातून घटक मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचतोय. भिंत फार ढासळलेली असेल तर निरुपद्रवी क्रीमही, एवढंच काय नुसतं पाणीही, काही सेकंद झोंबतं. ते मिनिटभरात थांबलं आणि लाली उरली नाही तर चालू ठेवायला हरकत नाही. पाच-दहा मिनिटं आग होत राहिली, चेहरा लाल झाला किंवा खाज सुटली, तर धुऊन टाका आणि ती डबी बाजूला ठेवा. टॅक्रोलिमससारखी काही डॉक्टरी मलमं सुरुवातीचे काही दिवस झोंबतात हे खरं, पण ते डॉक्टर आधीच सांगतात.

पेट्रोलियम जेलीने रंध्रं बुजतात का?

शुद्ध केलेल्या पेट्रोलियम जेलीने मुरुमं येत नाहीत, असंच आता मानलं जातं. रॉबर्ट चेसब्रोने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि दीडशे वर्षांनंतरही त्वचेतून उडणारं पाणी अडवण्यात तिला तोड नाही. तिच्यात स्वतःचं पाणी नाही, म्हणून कोरड्या-ठाक चेहऱ्यावर थापण्यापेक्षा क्रीम लावून वर मुगाच्या डाळीएवढ्या जेलीचा पुसट हात फिरवा. नाकाच्या कडा, डोळ्यांचे कोपरे, ओठ इथे ती उत्तम.

दोन सावधगिरी. रेटिनॉल, आम्ल किंवा स्टेरॉइड लावलं असेल तर त्यावर जेलीचं झाकण घालू नका, ते जास्त आत शिरतं. आणि उशीचे अभ्रे, टॉवेल अशा स्निग्ध पदार्थांनी माखत गेले तर ते चटकन पेट घेतात. धुतल्याने हा धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही, तेव्हा अशा कपड्यांजवळ सिगारेट, मेणबत्ती नको.

घरचं तेल लावलं तर?

तेलागणिक उत्तर बदलतं. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल खूप असतं आणि ते वरच्या थराची रचना विस्कटतं, असं दिसून आलं आहे. लिनोलेइक आम्ल भरपूर असलेलं सूर्यफुलाचं तेल त्यामानाने भिंतीला साथ देतं. खोबरेल अंगाच्या कोरड्या त्वचेला चांगलं, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला अनेकदा जड होतं. आणि पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय कुठलंच तेल लावू नका.

नाकाच्या कडेला, भुवयांत, मिशीखाली पापुद्रे येतात, पण चेहरा तर तेलकट आहे. हे कसं?

ही माझीच गोष्ट. नाकाशेजारी पिवळट, किंचित चिकट पापुद्रे, भुवयांत कोंडा, कानामागे खाज. मला वाटलं कोरडेपणा, म्हणून रोज रात्री तेल जिरवायचो. सकाळी तुकतुकीत दिसायचं, तिसऱ्या दिवशी दुपटीने सोलायचं. मग मी आणखी तेल लावायचो. असे आठ महिने.

त्वचारोगतज्ज्ञांनी मिनिटभर पाहून विचारलं, “डोक्यात कोंडा आहे?” होता. आजाराचं नाव सेबोऱ्हिक डर्मटायटिस. मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सगळ्यांच्याच त्वचेवर असतं आणि ते तेलावर जगतं. काहींच्या त्वचेला त्याचा त्रास होतो आणि जिथे तेलग्रंथी जास्त तिथे लाली आणि पापुद्रे येतात. थोडक्यात, मी आठ महिने त्याला खाऊ घालत होतो! यावर कीटोकोनॅझोल २ टक्के असलेलं क्रीम किंवा शाम्पू अशी बुरशीविरोधी औषधं देतात. दोन-चार आठवड्यांत फरक दिसतो. हा आजार मुळापासून जात नाही. ताण, जागरण, थंड कोरडी हवा यांनी परत डोकं वर काढतो. पण नाव कळल्यावर तो आटोक्यात ठेवणं अवघड नाही. सावळ्या त्वचेवर लालीऐवजी फिकट डागच दिसू शकतात, त्यामुळे तो ओळखायला उशीर होतो.

मग कोरडेपणासारखे दिसणारे आणखी कोणते आजार आहेत?

एक्झिमा, म्हणजे अ‍ॅटोपिक डर्मटायटिस : खाज ही त्याची खूण, बहुधा लहानपणापासून, घरात दमा किंवा सततच्या शिंका असतात. फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाशी त्याचा संबंध २००६ मध्ये पुढे आला. याच प्रथिनापासून त्वचेतले पाणी धरणारे घटक तयार होतात.

रोझेशिया : गाल-नाक लाल, ऊन, तिखट, मद्य, गरम पेय यांनी भडकणारा, खाजेपेक्षा आग जास्त. सावळ्या त्वचेत लाली सहज दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ‘सेन्सिटिव्ह स्किन’ म्हणून दुर्लक्षित राहतो.

तोंडाभोवती बारीक पुरळ, ओठांलगतची अरुंद पट्टी मात्र मोकळी : पेरिओरल डर्मटायटिस, याच्यामागे बऱ्याचदा स्टेरॉइड क्रीम असतं.

गाल आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, पण नाकाच्या कडेची घडी वाचलेली, सोबत सांधेदुखी किंवा थकवा : ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) नाही ना, हे तपासून घ्यावं लागतं. सेबोऱ्हिक डर्मटायटिस नेमका त्या घडीतच असतो, त्यामुळे डॉक्टर आधी तिथे बघतात. आणि उतारवयात, वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या गोऱ्या चेहऱ्यावर एकाच जागी सॅंडपेपरसारखा न जाणारा खरखरीत ठिपका असेल तर क्रीम लावत बसू नका, दाखवा. तो कर्करोगाआधीची पायरी असू शकतो.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या एका क्रीमने तीन दिवसांत चेहरा स्वच्छ होतो, पण बंद केलं की दुपटीने येतं. पुन्हा लावू का?

ट्यूबवरची नावं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन यातलं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. बऱ्याच ‘गोरेपणाच्या’ आणि ‘खाज-खरूज-नायट्याच्या’ मिश्र क्रीममध्ये ते असतं. स्टेरॉइड वाईट औषध नाही. योग्य ताकदीचं, योग्य जागी, मोजके दिवस वापरलं तर एक्झिमात ते फार कामाचं आहे. पण चेहऱ्याची त्वचा पातळ, तिथे ते जास्त शिरतं. महिनोन्महिने लावलं की त्वचा आणखी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमांसारखे फोड येतात, लव वाढते आणि ऊन सोसत नाही.

बंद केल्यावर जो भडका उडतो तो पाहून माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो आणि अडकतो. माझ्या एका मैत्रिणीची यातून सुटायला जवळजवळ वर्ष गेलं. सुरुवातीचे आठवडे तिने आरसा झाकून ठेवला होता. हे एकट्याने करू नका. डॉक्टर ताकद टप्प्याटप्प्याने कमी करतात, किंवा टॅक्रोलिमस, पिमेक्रोलिमससारखी स्टेरॉइड नसलेली मलमं मधल्या काळासाठी देतात. त्यांच्यापासून ट्यूब लपवू नका, सोबत घेऊन जा.

अ‍ॅलर्जी आहे हे कसं ओळखायचं? मी तर हेच क्रीम पाच वर्षं वापरतोय.

पाच वर्षं वापरलेल्या वस्तूचीही अ‍ॅलर्जी व्हायची शक्यता असते. संपर्काची अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी येत नाही. शरीर आधी तो पदार्थ ‘शिकतं’ आणि मग प्रत्येक वेळी एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं. त्या उशिरामुळेच आरोपी सापडत नाही. नेहमीचे संशयित : सुगंध, मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रसाधन टिकवण्यासाठी घातलेलं संरक्षक रसायन (युरोपीय संघाने त्वचेवर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर २०१७ पासून बंदी घातली), केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन, निकेल, लॅनोलिन. ‘नैसर्गिक’ लेबलावर जाऊ नका. टी ट्री आणि लॅव्हेंडरची तेलं हवा लागून जुनी झाली की जास्तच त्रास देतात.

घरच्या घरी करता येईल असं एक : नवीन वस्तू कोपराच्या खोबणीत दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावायची. काही उठलं नाही तरच चेहऱ्यावर. खात्रीसाठी पॅच टेस्ट. पाठीवर पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. रक्त काढून किंवा टोचून करायच्या अ‍ॅलर्जीच्या चाचण्या वेगळ्या, त्या या कामाच्या नाहीत.

फक्त पापण्या सोलतात.

हातांकडे बघा. पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ, आणि आपण दिवसभर डोळे चोळतो. नेलपॉलिशची अ‍ॅलर्जी नखांपाशी न दिसता पापणीवर दिसते, हे वाचलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. शाम्पूचा ओघळ, पापण्यांना बाक देणारं यंत्र, डोळ्यांचे थेंब हेही तपासा. पापणीवर स्वतःहून स्टेरॉइड अजिबात लावू नका. काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्हींचा धोका असतो.

ओठ आणि त्यांच्या कडा?

जीभ फिरवणं थांबवा. लाळ उडताना ओठांचं पाणीही नेते आणि तिच्यातली विकरं त्वचेला चावतात. लिपबाममध्ये मेंथॉल, दालचिनी, सुगंध नको. साधी पेट्रोलियम जेली पुरे. तरीही थांबत नसेल तर टूथपेस्टची चव किंवा फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट याकडे संशयाने पाहा.

दाढी केल्यावर आग होते.

अंघोळीनंतर, केस मऊ झाल्यावर करा. केसांच्या दिशेने, धारदार पातं, एका जागी एकदाच फिरवायचं. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह देऊन टाका कुणाला तरी.

दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्यायलो तर?

लघवीला जास्त वेळा जाल. शरीरात खरोखर पाणी कमी असेल तर प्या. एरवी प्यायलेलं पाणी चेहऱ्याच्या वरच्या थरापर्यंत पोचून तो मऊ करतं, याला फारसा आधार नाही. त्यापेक्षा खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवणं आणि हीटर किंवा एसीचा झोत तोंडावर न घेणं जास्त उपयोगी.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट?

नको. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर. एकाने पोळतं, दुसऱ्याने चुना जातो. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडू शकतात.

सनस्क्रीनने डोळे झोंबतात, चेहरा भगभगतो. सोडून देऊ?

सोडू नका, बदला. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर बेतलेली सनस्क्रीन चिडलेल्या त्वचेला सहसा मानवतात. थोडी पांढरट दिसतात, ते चालवून घ्यावं लागतं. रंगछटा असलेली घेतली तर सावळ्या चेहऱ्यावरही कमी दिसतं. मॉइश्चरायझर मुरायला पाच-दहा मिनिटं देऊन मग लावा. चेहरा अगदीच सोललेला असेल ते काही दिवस टोपी आणि सावलीवर भागवा.

रेटिनॉल किंवा मुरुमांच्या औषधाने हे सुरू झालं. कायमचं बंद करायचं का?

बहुधा नाही. रेटिनॉइडने (रेटिनॉल आणि त्याच्या जातीची औषधं) पहिले काही आठवडे सोलणं अपेक्षितच असतं. चेहरा पूर्ण शांत होईपर्यंत थांबा, मग तिसऱ्या रात्री एकदा, वाटाण्याएवढं, आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर. डोळ्यांचे, नाकाचे, ओठांचे कोपरे वगळून. सोबत बेन्झॉइल परॉक्साइड (मुरुमांचंच एक औषध) आणि आम्लं एकदम नकोत. औषध डॉक्टरांनी दिलेलं असेल तर हा बदल त्यांना सांगूनच. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड नाहीच. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ फुटणं जवळजवळ सगळ्यांनाच होतं, तिथे बाम हाच सोबती.

दुखणं आतलं असू शकतं का?

असू शकतं. थायरॉइड मंदावलं की त्वचा खरखरीत होते, थंडी जास्त वाजते, बद्धकोष्ठता, थकवा जाणवतो. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, लोहाची कमतरता, डोळे-तोंड कोरडं पाडणारा श्योग्रेन सिंड्रोम हेही आहेत. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन घटतं आणि ज्यांना आयुष्यभर त्रास नव्हता त्यांचे गाल अचानक ओढू लागतात. लघवी वाढवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही त्वचा कोरडी पडते. फक्त चेहराच कोरडा आणि बाकी सगळं ठीक असेल तर मात्र आधी बाहेरचं कारण शोधा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

चार आठवडे सगळं साधं ठेवूनही फरक नाही, खाजेने झोप मोडते, चिरांतून पाणी किंवा पू येतो, पिवळ्या खपल्या धरतात, किंवा वर सांगितलेल्या आजारांपैकी काही ओळखीचं वाटलं, तर वेळ घेऊन जा.

त्याच दिवशी जायची कारणं वेगळी : चेहरा भराभर लाल, गरम होऊन सुजतोय आणि ताप आहे, डोळ्यांभोवती सूज, एक्झिमा असलेल्या चेहऱ्यावर अचानक एकसारखे दुखरे फोड किंवा टोचून काढल्यासारख्या बारीक जखमा, कारण ते नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचं काम असू शकतं आणि डोळ्याला धोका असतो. ओठ-जीभ सुजून श्वास अडकत असेल तर वेळ न घालवता तातडीच्या उपचारांसाठी.

जाताना काय तयारी करू?

चेहऱ्यावर मेकअप नको. चेहऱ्याला, डोक्याला, दाढीला लागणारी प्रत्येक वस्तू पिशवीत भरून न्या, निदान मागच्या लेबलांचे फोटो तरी. भडका कधी उडाला त्या दिवसाचे फोटोही ठेवा, कारण तपासणीच्या दिवशी चेहरा नेमका शहाण्यासारखा वागतो. चालू गोळ्यांची यादी, आणि किती दिवसांपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, एवढं कागदावर. मी माझ्या अकरा बाटल्या नेल्या होत्या. डॉक्टरांनी दोन उजवीकडे ठेवल्या, नऊ डावीकडे.

चेहरा सुधारला. आता जुन्या वस्तू परत सुरू करू का?

एका वेळी एकच, आणि दोन वस्तूंमध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या. दोन एकदम सुरू केल्या आणि बिघडलं, तर कुणी बिघडवलं हे कधीच कळणार नाही. माझ्या नऊपैकी एक परत आली, ती दोन महिन्यांनी. बाकीच्यांची मुदत तोवर संपली होती.